जबाबातील ‘मी’ : नोंद, वाचन आणि न्याय

१

साक्षीदाराने न्यायालयात उच्चारलेले वाक्य आणि त्याच्या नावावर नोंदले गेलेले वाक्य ही एकाच व्यक्तीची वाक्ये आहेत, असे गृहीत धरल्याशिवाय फौजदारी न्यायव्यवस्थेला एक पाऊलही टाकता येत नाही. हे गृहीतक कितपत टिकते, आणि टिकत नसेल तर त्यातून कोणावर कोणती नैतिक जबाबदारी येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांचा आहे असे कोणाला वाटेल. परंतु लेखक, निवेदक आणि पात्र यांच्यात भेद करण्याचे शिक्षण ज्या विद्याशाखेत दिले जाते, तिला या प्रश्नापासून अंग चोरता येणार नाही.

एका साध्या उदाहरणापासून आरंभ करता येईल. नागपूरच्या पूर्वेकडे कळमना येथे कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. धान्य, मिरची, संत्री यांचे सौदे तेथे होतात, आणि अडते, मापारी व हमाल यांच्या परस्परविश्वासावर रोजचा व्यवहार चालतो. त्या आवारात पोती वाहणारा एक हमाल काही वर्षांपूर्वी एका खटल्यात पंच म्हणून साक्षीला उभा राहिला. शहरातील कोणत्याशा रस्त्यावरून जात असताना पोलिसांनी त्याला थांबवून पंचनाम्यावर सही घेतली होती, आणि त्या गोष्टीला चार-पाच वर्षे लोटली होती. त्या दिवशी मी न्यायदालनात केवळ श्रोता म्हणून बसलो होतो. सरकारी वकिलांनी सहीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सही माहीच हाय.’ काय जप्त झाले असे विचारल्यावर म्हणाला, ‘थैली पाह्यली होती साहेब, बाकी मले मालूम नाही.’ पंचनामा वाचून दाखवला होता का, या प्रश्नावर त्याचे उत्तर होते, ‘वाचला असन, पण मले त्यातलं काही समजलं नाही.’

टंकलेखकाला जे सांगितले गेले ते असे होते : पंचनाम्यावरील सही माझी आहे. माझ्यासमक्ष कोणतीही वस्तू जप्त करण्यात आली नाही. पंचनाम्यातील मजकूर मला माहीत नाही. त्यानंतर सरकारी वकिलांनी त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी मागितली, आणि थैली पाहिल्याचे सांगणारा तो माणूस नोंदीत ‘फितूर’ झाला. नोंदीच्या अखेरीस नेहमीचे वाक्य आले : ‘असे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीला वाचविण्यासाठी खोटी साक्ष देत आहे.’

या प्रसंगात कोणी अप्रामाणिकपणा केला असे मला म्हणायचे नाही. न्यायाधीश घाईत होते, पण त्यांचा हेतू शुद्ध होता. टंकलेखक तर सांगितले ते उमटवत होता. तरीही एका माणसाच्या तोंडी दुसऱ्याचे वाक्य गेले आणि त्या वाक्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर राहिली. अशा वेळी नैतिक दोष कोठे असतो, हे शोधणे अवघड असते, आणि म्हणूनच आवश्यकही असते.

२

फौजदारी खटला म्हणजे एकावर एक रचलेल्या लिखितांची मालिका असते. प्रथम खबर, तपासात घेतलेले जबाब, घटनास्थळाचा व जप्तीचा पंचनामा, वैद्यकीय अहवाल, सरतपास, उलटतपास, आरोपीचे निवेदन आणि अखेरीस निकालपत्र. यांतील बहुतेक लिखिते प्रथमपुरुषी असतात आणि बहुतेकांचा लेखक हा ‘मी’ म्हणणाऱ्या व्यक्तीहून वेगळा असतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने या लेखनाचे नियम घालून दिले होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पण ज्या तरतुदींचा येथे विचार करावयाचा आहे त्यांचा सांगाडा तोच राहिला. म्हणून पुढे जुने, परिचित क्रमांकच वापरले आहेत.

कलम १६१ खाली पोलीस अधिकारी साक्षीदाराचा जबाब लिहून घेतो. कलम १६२ सांगते की या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेऊ नये. या निषेधामागे शहाणपण आहे : पोलिसांच्या लेखणीविषयी कायद्यालाच खात्री नसल्यामुळे त्या लेखनाने साक्षीदाराला बांधून टाकू नये, असा तो विचार. म्हणून फिर्यादी पक्षाला हा जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याचा मुख्य उपयोग न्यायालयातील साक्षीशी असलेली विसंगती दाखविण्यापुरता. मात्र याच मुद्द्यावर तर्क उलटतो. ज्या लिखितावर विश्वास ठेवू नये असे कायदा म्हणतो, त्याच लिखिताच्या मापाने साक्षीदाराची विश्वासार्हता मोजली जाते. त्याने ते लिखित वाचलेले नसते, त्यावर सही केलेली नसते, आणि पुष्कळदा ते प्रथमच त्याच्यासमोर येते ते उलटतपासात, त्याला खोटे पाडण्यासाठी. जे जबाबात नाही पण साक्षीत आहे, त्याला ‘अनुल्लेख’ म्हणतात. आणि असा अनुल्लेख विशिष्ट परिस्थितीत विसंगतीच मानता येतो, असे १६२ व्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. सांगितले होते पण लिहिणाऱ्याने लिहिले नाही, ही शक्यता साक्षीदाराने बोलून दाखवली तर नोंद होते ती अशी : ‘मी पोलिसांना हे सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिलेले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ दुसऱ्याच्या मौनाचे कारण सांगण्याची जबाबदारी येथे बोलणाऱ्यावर टाकलेली दिसते.

सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात नोंदवावी असे कलम २७६ म्हणते. प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदविण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. ‘निवेदनाचे रूप’ हा शब्दप्रयोग साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. प्रश्न विचारला जातो, उत्तर मिळते; नोंदीतून प्रश्न गळतो आणि उत्तर आपोआप स्फुरलेल्या कथनासारखे उभे राहते. मघाच्या अखेरच्या वाक्याकडे पुन्हा पाहावे. ‘असे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’ या वाक्यात आरोप वकिलाचा, वाक्यरचना न्यायाधीशाची आणि साक्षीदाराचा वाटा एका नकारापुरता. बाख्तिनच्या वर्तुळाने परकीय उक्तीचा, म्हणजे एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचे बोलणे कसे सामावले जाते याचा, जो विचार केला, त्याला इतके शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. कादंबरीत असे द्विस्वरी वाक्य आले तर त्यातील दोन स्वर ऐकणे हाच वाचनाचा आनंद असतो. साक्षीच्या नोंदीत मात्र ते वाक्य एकस्वरी मानूनच वाचले जाते.

‘फितूर’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या १५४ व्या कलमात, आपल्याच साक्षीदाराला उलटतपासातील प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, एवढेच म्हटले होते. फितुरीचे नाव तेथे नव्हते. मराठीने बखरींतून आलेला, शत्रूला सामील झालेल्या माणसासाठी राखलेला शब्द त्यासाठी वापरला. कळमन्याच्या हमालाने कोणाचाही पक्ष घेतला नव्हता. पण तो शब्द वापरला की आधी तो एका पक्षात होता आणि मग दुसऱ्या पक्षात गेला, असे कथानक तयार होते. फितूर ठरलेल्या साक्षीदाराचा पुरावा संपूर्णपणे पुसला जात नाही, त्यातील ग्राह्य भाग घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. पण शब्दाचा डाग निकालपत्रातील बारकाव्याने जात नाही.

३

दुसऱ्याच्या वतीने लिहिणाऱ्या लेखणीविषयीचा संशय मराठी परंपरेला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये, निरक्षर शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेताना कारकून मंडळी त्यांचा आशय कसा फिरवतात याचे वर्णन केले आहे. त्यांचा रोख जातीने मिळालेल्या लेखनाच्या मक्तेदारीवर होता, आणि त्यांचे निदान आजही महत्त्वाचे आहे : जुलूम हातातल्या काठीने होतो तसा बोरूनेही होतो, आणि बोरूचा जुलूम ज्याच्यावर होतो त्याला तो कळतही नाही. दुसऱ्या टोकाला तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचे नाटक आहे. त्यातील अभिरूप न्यायालयाला बेणारेचे अखेरचे स्वगत ऐकूच जात नाही; ते ऐकतो प्रेक्षक. न्यायालयाच्या नोंदीत जे येणार नाही ते रंगभूमीने नोंदवावे, अशी ही योजना आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातही साक्ष चालू असताना न्यायाधीश टंकलेखकाला सारांश सांगतात, आणि उच्चार व नोंद यांतील अंतर प्रेक्षकासमोर उलगडत जाते.

मात्र या परंपरेत केवळ संशय नाही, एक पर्यायही आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. ज्यांनी चक्रधरांना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडून त्याने आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. म्हणजे ‘लीळाचरित्र’ हा एका अर्थाने साक्षींचाच ग्रंथ आहे. महानुभावांच्या ग्रंथपरंपरेची लक्षणीय गोष्ट अशी की, तेथे भिन्न कथने एका सलग पाठात विरघळवून टाकलेली नाहीत. अमुकाचा पाठ, तमुकाचा शोध, असे सांगणाऱ्याच्या नावासह भेद जपलेले आढळतात. परमेश्वराचा शब्द मानलेल्या वचनांविषयी ही दक्षता आहे. वचन जितके पवित्र, तितकी ते कोणी कसे ऐकले याची नोंद काटेकोर, हा त्यामागील विचार आहे. येथे दोन कथनांतील तफावत कोणाच्या खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. तफावत हा स्मरणाचा धर्म आहे आणि ती जपणे हे संकलकाचे कर्तव्य आहे.

तुलना फार ताणू नये. न्यायालयाला निर्णय द्यावा लागतो. संकलकावर ती सक्ती नसते. तरीही दुसऱ्याचे बोलणे लिहिताना लिहिणाऱ्याने स्वतःची खूण मागे ठेवावी, हा नियम दोघांनाही लागू करता येईल. तो मोडल्यावर काय घडते, हे पाहण्यासाठी विदर्भातीलच एका खटल्याकडे वळावे लागेल.

४

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो खटला निर्णयसंग्रहांत आहे. स्त्रीचळवळीने त्याला पीडित मुलीच्या नावाने ओळखले. अशा स्त्रीची ओळख उघड करण्यास १९८३ च्या दुरुस्तीने प्रतिबंध केला, आणि ती दुरुस्ती याच खटल्याच्या परिणामी झाली. म्हणून तिचे नाव येथे घेत नाही. कायद्याच्या स्मृतीत आरोपीचे नाव राहिले आणि चळवळीच्या स्मृतीत तिचे, एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील, आणि १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या, देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात ही घटना घडली. मुलगी आदिवासी, आईवडील नसलेली, मोलमजुरी करणारी. वैद्यकीय तपासणीत तिचे वय चौदा ते सोळा वर्षे असल्याचा अंदाज निघाला. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली म्हणून सर्वांना ठाण्यात बोलावले होते. जबाब नोंदवून तेथील हेड कॉन्स्टेबल रात्री साडेदहाच्या सुमारास निघून गेला. नंतर मुलीला मागे ठेवून घेण्यात आले. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्या पोलिसाने विनयभंग केला, असा आरोप होता. बाहेर जमाव जमला. त्याच हेड कॉन्स्टेबलला परत बोलावण्यात आले, जमावाची समजूत घातल्यावर त्याने मुलीचे म्हणणे लिहून घेतले, आणि ते प्रथम खबर म्हणून नोंदले गेले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या ठाण्यातील पोलिसांविरुद्ध तक्रार, त्याच ठाण्यात, त्यांच्याच सहकाऱ्याच्या हाताने, त्याच रात्री तिचा पहिला ‘मी’ लिहिला गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या पोलिसाला निर्दोष ठरवताना एक मुद्दा असा घेतला की, आरंभी तिने त्याच्यावर अधिक गंभीर कृत्यांचा आरोप केला होता आणि न्यायालयातील साक्षीत ती कृत्ये शिपायाच्या नावे सांगितली. म्हणून तिच्या शब्दावर विसंबता येत नाही. दोन लिखितांतील तफावत तिची ठरली. पहिल्या लिखिताचा लेखक कोण होता आणि ते कोणत्या भिंतींच्या आत लिहिले गेले, हा प्रश्न तफावतीचा अर्थ लावताना महत्त्वाचा मानला गेला नाही.

आता तीन न्यायालयांची तीन वाचने पाहू. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोघांना सोडले. शरीरसंबंध घडला असेल, पण तो संमतीने घडला, आणि आपल्या माणसांपुढे अब्रू राखण्यासाठी मुलीने बलात्काराची कथा रचली, असा त्यांचा तर्क होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवला : भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, आणि पोलीस ठाण्यात दोन अनोळखी पोलिसांच्या तावडीतील मुलीच्या मौनाचा तसा अर्थ लावता येत नाही. शिपायाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकाराची हकीकत खोटी. जवळच आपली माणसे असताना तिने त्यांना हाक मारली नाही, तेव्हा ती नमली हे म्हणणेही सिद्ध होत नाही.

तिन्ही न्यायालयांसमोरची नोंद तीच होती. फरक पडला तो एका रिकाम्या जागेच्या वाचनात. मुलीने मौन बाळगले याबद्दल वाद नव्हता. मौनाला कोणते वाक्य द्यायचे याबद्दल होता. सत्र न्यायालयाने सर्वज्ञ निवेदकाची भूमिका घेऊन पात्राच्या मनात हेतू घातला : तिला अब्रू राखायची होती. कादंबरीकाराला हा अधिकार असतो, कारण पात्र त्याचेच असते. न्यायाधीशाला तो कोठून मिळाला? उच्च न्यायालयाने वेगळी गोष्ट केली. त्याने मनात शिरण्याचे टाळून परिस्थितीकडे पाहिले : जागा कोणती, वेळ कोणती, सत्ता कोणाकडे. साहित्यसमीक्षेच्या भाषेत सांगायचे तर, एका वाचनाने मौनाचे मानसशास्त्र रचले आणि दुसऱ्याने त्याचा संदर्भ वाचला.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यानंतर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : ताब्यातील स्त्रीवर बलात्काराचा आरोप असेल आणि शरीरसंबंध सिद्ध झाला असेल, तर संमती नव्हती असे तिने सांगितल्यावर तसे गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा अधिनियमात आली. ही तरतूद म्हणजे वाचनाचा नियम आहे. न्यायाधीशाने अमुक मौन अमुक रीतीने वाचू नये, हे संसदेला कायद्याने सांगावे लागले. चार अध्यापकांनी एका निकालपत्राचे काळजीपूर्वक वाचन केले, तेथून हे सुरू झाले, याची आठवण आपल्यासारख्यांनी ठेवणे योग्य होय.

५

या विवेचनातून, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या शब्दावर नेहमी विश्वास ठेवावा, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तो मान्य नाही. त्याचे कारण असे की आरोपीचा ‘मी’ देखील परक्या लेखणीतूनच उतरतो. कलम ३१३ खाली त्याला पुराव्याविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्याची उत्तरे बहुधा ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ एवढ्यावर संपतात. संपूर्ण खटल्यात त्याचे स्वतःचे बोलणे इतकेच. आणि आपल्या तुरुंगांतील आरोपीही बहुशः त्याच निरक्षर, निर्धन थरांतून आलेले असतात, ज्यांतून कळमन्याचा हमाल आणि देसाईगंजची मुलगी आली. विसंगती शोधण्याचा अधिकार काढून घेतला तर पहिला बळी यांचा जाईल.

५ मार्च २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील भटक्या जमातीतील सहा माणसे २००३ सालच्या दरोडा, खून व बलात्काराच्या गुन्ह्यात पकडली गेली. २००९ मध्ये याच न्यायालयाने सहाही जणांना फाशी योग्य ठरवली होती. दहा वर्षांनी त्यांना निर्दोष म्हणून सोडण्यात आले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला झाला. घटनेनंतर लगेच, पोलिसांकडील छायाचित्रांतून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने वेगळ्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्यांच्या दिशेने तपास झालाच नाही, ही त्या निर्णयातील कळीची बाब. म्हणजे पहिली नोंद अस्तित्वात होती. ती वाचली गेली नाही. देसाईगंजच्या खटल्यात पहिल्या नोंदीला अवास्तव वजन मिळाले, येथे काहीच मिळाले नाही. दोहोंतील दोष एकच आहे : लिखित कोणी, कधी, कोणत्या स्थितीत निर्माण केले याची चौकशी न करता त्याला स्वीकारणे किंवा वगळणे.

आणखी एक गोष्ट नागपूरकरांना विसरता येत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी येथील जिल्हा न्यायालयात आणलेल्या अक्कू यादव या आरोपीला कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने ठार केले. आमच्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणी घेतल्या नाहीत, असे वस्तीचे म्हणणे होते. नंतर त्या स्त्रियांनी ‘हे आम्ही सगळ्यांनी केले’ असे सांगितले. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. फौजदारी नोंदीला ‘मी’ लागतो. ‘आम्ही’ला तिच्यात जागा नसते. ज्या वस्तीचा ‘मी’ नोंदला गेला नाही तिने ‘आम्ही’ उच्चारला, हे समजून घेता येते. पण ते समर्थनीय मानता येत नाही. जमाव कोणतेच लिखित मागे ठेवत नाही. त्याचा निर्णय कोणाला वाचता येत नाही, त्यावर अपील करता येत नाही, चार अध्यापकांना त्याविरुद्ध पत्र लिहिता येत नाही. सदोष नोंद आणि नोंदच नसणे यांत निवड करायची तर सदोष नोंद घ्यावी, कारण दोष वाचून दाखवता येतो.

६

रॉबर्ट कव्हर या अमेरिकी विधिज्ञाने १९८६ मध्ये ‘हिंसा आणि शब्द’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. कायद्यातील अर्थनिर्णयनाला साहित्यातील अर्थनिर्णयनासारखे मानणाऱ्यांना त्याने बजावले होते की, न्यायाधीशाने संहितेचा अर्थ लावला की कोणाचे तरी स्वातंत्र्य, मालमत्ता, कधी प्राणही जातात. हा इशारा मी मान्य करतो, आणि त्यातून उलट दिशेने जाऊ इच्छितो. वाचनाचा परिणाम इतका भयंकर असेल, तर वाचनाची शिस्त साहित्यात असते त्याहून सैल असून कसे चालेल? रणजित गुहा यांनी ‘चंद्राचा मृत्यू’ (१९८७) या निबंधात १८४९ मधील बंगाली ग्रामस्थांचे जबाब वाचताना दाखवले की, एका स्त्रीच्या मरणाभोवतीचे दुःख, नाती आणि भय कायद्याच्या चौकटीत शिरताच ‘प्रकरण’ बनते. इतिहासकाराला दीडशे वर्षांनी ते दुःख परत वाचता येते. न्यायाधीशाला ती सवलत नाही. त्याला त्याच दिवशी वाचावे लागते.

नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, आणि जबाब तशा रीतीने नोंदविण्याची मुभा त्याआधीच आली होती. यापुढे कळमन्याच्या हमालाची थैली पडद्यावर दिसू शकेल. हे स्वागतार्ह आहे. पण चित्रणही कोणीतरी सुरू करतो आणि कोणीतरी थांबवतो, आणि अखेरीस न्यायालयात त्यावरून पुन्हा वाक्येच लिहिली जातात. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी झाली. तरी उच्च न्यायालयाचा व्यवहार इंग्रजीतच आहे, आणि झाडीबोली, वऱ्हाडी वा गोंडी बोलणाऱ्याची साक्ष आधी प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत असा प्रवास करते. ‘मले मालूम नाही’ याचे ‘माझ्यासमक्ष घडले नाही’ होते ते या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर. यंत्राने तो टप्पा टळणार नाही.

टळू शकतो तो एका जुन्याच तरतुदीने. कलम २७८ सांगते की साक्षीची नोंद पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी. ती परक्या भाषेत असेल तर त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून द्यावी. आणि एखादा भाग बरोबर नाही असे त्याने म्हटले तर न्यायाधीशाने, मूळ नोंद दुरुस्त करण्याऐवजी, त्याचा आक्षेप स्वतंत्र टिपून ठेवला तरी चालेल. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. या कलमाकडे मी एका पाठचिकित्सकाच्या नजरेने पाहतो. येथे कायद्याने पाठभेदाला जागा दिली आहे : हा न्यायालयाचा पाठ, हा साक्षीदाराचा. लिहिणाऱ्याची आणि सांगणाऱ्याची खूण शेजारी शेजारी राहते आणि पुढच्या वाचकाला, अपिलाच्या न्यायाधीशाला, दोन्ही दिसतात. विसंगती तपासण्याचा आरोपीचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही. विसंगती कोणाची हे ठरवणे मात्र शक्य होते. म्हाइंभटाची दक्षता आपल्या संहितेत अशी दडलेली आहे. ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ या एका छापील ओळीखाली ती झाकली जाते, हे आपले दुर्दैव.

न्यायालयीन नोंदीतील ‘मी’ हा नेहमीच सामायिक असतो. तो पूर्णपणे साक्षीदाराचा करता येणार नाही, आणि तसा दावा करणेही खोटे ठरेल. पण सामायिक असलेल्या वस्तूची जबाबदारीही सामायिक असली पाहिजे. आज जो लिहितो त्याचे नाव वाक्यात नसते आणि ज्याचे नाव असते त्याला ते वाक्य वाचता येत नाही. या व्यवस्थेत खोटे बोलल्याचा ठपका कोणावर येणार हे आधीच ठरलेले असते. तो अन्याय कोणा एकाच्या दुष्टपणातून येत नाही. व्याकरणाच्या एका सोयीतून येतो, आणि सोय म्हणून चालू दिली तर ती सोय देणाऱ्या प्रत्येकावर त्याचा वाटा येतो.

साक्ष संपल्यावर तो हमाल बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याचा दिवसाचा रोज बुडाला होता. मी त्याला विचारले, नोंद वाचून दाखवली तेव्हा काही बोललात का? तो म्हणाला, ‘वाचलं तवा मी इचारलं, थैलीचं लिवलं काय? साहेब म्हनले, झालं आता, जा.’ त्याचा आक्षेप २७८ व्या कलमात तंतोतंत बसणारा होता. तो टिपून ठेवायला एका ओळीपुरती जागा लागली असती.